पेशीची वाटणी: जीवाणूला वीस मिनिटे, माणसाला एक दिवस

विदर्भातल्या खेड्यांत आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघर फिरतात, तेव्हा एकाच फेरीत त्यांना अनेक आजारांविषयी बोलावे लागते. क्षयरोग्याला सहा महिने एकही दिवस न चुकवता औषध घ्या, असे सांगायचे असते. कुष्ठरोगाच्या शंकेने अंगावर बधिर चट्टा आहे का, हे विचारायचे असते. गडचिरोलीकडे ताप आलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा असतो, लग्न ठरण्याआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या म्हणायचे असते, आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण, सोडा हे तर प्रत्येक घरी पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ऐकणाऱ्यांना पडणारे प्रश्नही रास्त असतात. खोकला दोन महिन्यांतच थांबला, मग आणखी चार महिने गोळ्या कशाला? चट्टा आज दिसला, तर आजार लागला कधी? आईबाप दोघेही धडधाकट, मग लेकराला सिकलसेल कुठून आला?

हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, परंतु एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात हे कळले की त्या सर्वांची उत्तरे बऱ्याच अंशी हाती येतात. साध्या जीवांत हे काम एका रीतीने होते आणि गुंतागुंतीच्या जीवांत दुसऱ्या रीतीने. शाळेच्या पुस्तकात हा फरक आकृत्या आणि अवस्थांची नावे यांत अडकून पडतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो, याचे मला वाईट वाटते, कारण आपल्या भागातल्या आजारांशी त्याचा थेट संबंध आहे.

दोन्हींत सारखे काय आहे

पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान जिवंत घटक. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक रेणू असतो आणि पेशीने काय बनवायचे, केव्हा बनवायचे याच्या सूचना त्यावर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात. पेशीच्या दोन पेशी होताना दोघींनाही या सूचना संपूर्ण मिळाव्या लागतात.

एका घराची दोन भावांत वाटणी व्हायची आहे आणि दोघांनाही घराचे सगळे कागद पूर्णच्या पूर्ण हवे आहेत, असे समजा. मधली भिंत घालण्याआधी प्रत्येक कागदाची नक्कल काढावी लागेल, मूळ प्रत एकीकडे आणि नक्कल दुसरीकडे गेली याची खात्री करावी लागेल, आणि त्यानंतरच भिंत उभी राहील. नक्कल, विभागणी आणि भिंत हा क्रम जीवाणूपासून माणसापर्यंत सर्वत्र सारखाच आहे. फरक पडतो तो कागद किती आहेत, ते कसे ठेवले आहेत आणि वाटणीवर देखरेख किती कडक आहे, यामुळे.

जीवाणू: एकच कागद, एकच भिंत

जीवाणूच्या पेशीत डीएनए वेगळ्या कप्प्यात ठेवलेला नसतो. बहुतेक जीवाणूंत त्याचे एकच वर्तुळाकार कडे असते आणि ते पेशीतल्या द्रवातच गुंडाळून पडलेले असते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूच्या कड्यावर सुमारे 46 लाख अक्षरे आहेत. ते उलगडून सरळ केले तर दीड मिलिमीटरहून अधिक लांब भरेल, आणि ज्या पेशीत ते बसते तिची लांबी मात्र एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढीच असते.

नक्कल काढण्याचे काम या कड्यावरच्या एका ठरलेल्या जागेपासून सुरू होते आणि दोन्ही दिशांनी, सेकंदाला हजारभर अक्षरांच्या वेगाने पुढे सरकते. त्याच वेळी दोन्ही प्रती पेशीच्या दोन बाजूंकडे दूर होत जातात. मग पेशीच्या मध्यावर एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे आतल्या बाजूने तयार होते, त्याच्या आधाराने नवी भिंत आत वाढत येते आणि पेशी दुभंगते. भिंत मध्यावरच पडावी यासाठी पेशीत आणखी काही प्रथिने दोन टोकांदरम्यान सतत ये-जा करत असतात आणि टोकांशी भिंत घालू देत नाहीत. या सगळ्या प्रकाराला द्विविभाजन म्हणतात.

येथे एक कोडे आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. भरपूर अन्न आणि योग्य ऊब मिळाली तर ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. पण त्याचा संपूर्ण डीएनए नकलायलाच सुमारे चाळीस मिनिटे लागतात! चाळीस मिनिटांचे काम वीस मिनिटांत कसे उरकते? उत्तर असे की जीवाणू पहिली नक्कल पुरी होण्याची वाट पाहत नाही. अर्धवट झालेल्या प्रतींवरच तो पुढच्या पिढीची नक्कल सुरू करतो, त्यामुळे जी पेशी नुकतीच वेगळी झाली तिच्यात तिच्या पुढच्या वाटणीचे काम आधीच अर्ध्यावर आलेले असते. वीस मिनिटांना एकदा याप्रमाणे दहा तास गेले तर हिशेबाने एका जीवाणूचे 107 कोटींहून अधिक जीवाणू होतात. प्रत्यक्षात अन्न संपते, आम्ल साचते आणि वाढ थांबते. विरजणातले जीवाणूही याच रीतीने वाढतात. उन्हाळ्यात दही काही तासांत लागते आणि पौषातल्या थंडीत रात्रभर ठेवूनही दूधच राहते, ते ऊब कमी-जास्त झाल्याने त्यांच्या विभाजनाचा वेग बदलतो म्हणून.

मग सगळेच जीवाणू इतक्या वेगाने वाढतात का?

नाही, आणि विदर्भाच्या आरोग्याच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. क्षयरोगाचा जीवाणू अनुकूल परिस्थितीतही दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास घेतो. कुष्ठरोगाच्या जीवाणूला त्यासाठी सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. तो प्रयोगशाळेतल्या कृत्रिम अन्नावर आजवर वाढवता आलेला नाही. संशोधकांना त्यासाठी उंदराचे तळपाय किंवा आर्माडिलो नावाचा अमेरिकेतला खवल्यांचा प्राणी वापरावा लागतो.

विभाजन इतके सावकाश असल्यामुळेच कुष्ठरोगाचा संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, आणि काही जणांत वीस वर्षेही लागतात. म्हणून आज चट्टा दिसलेल्या माणसाला आजार कोठे आणि कोणापासून लागला हे शोधणे बहुधा अशक्य असते, आणि शेजाऱ्याकडे किंवा घरात आलेल्या सुनेकडे बोट दाखवण्याला काहीही आधार उरत नाही. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ही कुष्ठरोग्यांसाठीची आश्रमस्थाने ज्या काळात उभे राहिले त्या काळात असा दोषारोप सर्रास होत असे. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने हा आजार पूर्ण बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

क्षयरोगाच्या सहा महिन्यांचे कारणही येथेच सापडते. अनेक प्रतिजैविके जीवाणूवर तेव्हाच जोरदार घाव घालतात जेव्हा तो वाढत असतो, नवी भिंत बांधत असतो. सुरुवातीच्या दोन महिन्यांत वाढणारे बहुतेक जीवाणू मरतात, खोकला थांबतो, वजन वाढू लागते. परंतु काही जीवाणू जवळजवळ निद्रिस्त असतात आणि त्यांच्यापर्यंत औषधाचा घाव पोहोचत नाही. ते अधूनमधून जागे होतात, आणि त्या वेळी रक्तात औषध हजर असावे लागते. शिवाय लाखो नकला निघताना काहींत चुका होतात, आणि त्यांतली एखादी चूक जीवाणूला औषधापासून वाचवणारी निघते. औषध मध्येच सोडले की नेमके असे जीवाणू मागे राहतात व पुढे त्यांचीच प्रजा वाढते.

केंद्रक आले की काम का वाढते

माणूस, बैल, पऱ्हाटी (कापसाचे झाड), संत्र्याचे झाड आणि किण्व (यीस्ट) यांच्या पेशींत डीएनए एका पातळ आवरणाच्या आत ठेवलेला असतो. त्या कप्प्याला केंद्रक म्हणतात. असे केंद्रक असलेल्या जीवांना दृश्यकेंद्रकी आणि जीवाणूंसारख्या केंद्रक नसलेल्यांना आदिकेंद्रकी अशी नावे आहेत.

माणसाच्या एका पेशीत सहाशे कोटींहून अधिक अक्षरे असतात आणि ती 46 तुकड्यांत विभागलेली असतात. या तुकड्यांना गुणसूत्रे म्हणतात. सगळी गुणसूत्रे उलगडून टोकाला टोक लावली तर लांबी सुमारे दोन मीटर होते. वाटणीच्या घरात एक कागद होता तेथे आता 46 दस्त आहेत, आणि त्यांतला एकही चुकून दोन्ही प्रतींसह एकाच भावाकडे जाता कामा नये.

पेशी हे काम ज्या पद्धतीने करते तिला सूत्री विभाजन म्हणतात. आधी हजारो ठिकाणी एकाच वेळी नक्कल सुरू होते आणि तिला सात-आठ तास लागतात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एका प्रथिनाने एकमेकींशी बांधलेल्या राहतात, आणि ही बांधणीच सगळ्या प्रक्रियेचा कणा आहे. नंतर गुणसूत्रे आखडून जाड होतात, केंद्रकाचे आवरण विरघळते आणि पेशीच्या दोन टोकांकडून बारीक तंतू निघतात, ज्यांना तुर्कतंतू म्हणतात. प्रत्येक जोडीतली एक प्रत एका टोकाच्या तंतूला आणि दुसरी प्रत दुसऱ्या टोकाच्या तंतूला जोडली जाते, सगळ्या जोड्या पेशीच्या मध्यावर येतात, बांधणी तुटते आणि प्रती विरुद्ध दिशांना ओढल्या जातात. दोन नवी केंद्रके तयार होतात आणि शेवटी पेशी दुभागते. प्राण्यांची पेशी मध्यावर आवळली जाऊन तुटते, तर वनस्पतींची पेशी आतून बाहेर भिंत बांधत जाते. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 मध्ये या हालचालींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

वरुड-मोर्शीच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तेव्हा पुढे वाढणारा सगळा वरचा भाग त्या डोळ्यातल्या पेशींच्या सूत्री विभाजनानेच तयार होतो. म्हणून मातृवृक्षाचे फळ जसे, तसेच कलमाचे फळ येते. आणि मातृवृक्ष निवडताना हयगय झाली तर तिचा परिणामही प्रत्येक कलमात उतरतो.

अमीबा तर एकाच पेशीचा असतो. मग तो साध्यांत धरायचा का?

ही शंका अनेक विद्यार्थ्यांना येते, आणि तिला पुस्तकातली मांडणीही काही अंशी जबाबदार आहे. अमीबाच्या विभाजनालाही तेथे द्विविभाजन म्हटलेले असते, कारण बाहेरून पाहता एका अमीबाचे दोन होतात. परंतु अमीबाला केंद्रक असते आणि त्याच्या आत गुणसूत्रांची वाटणी तंतूंच्या साहाय्यानेच होते. एक पेशी की अनेक पेशी, यावर विभाजनाची रीत ठरत नाही. केंद्रक आहे की नाही, यावर ती ठरते.

गडचिरोलीत दरवर्षी त्रास देणारा हिवतापाचा परजीवीही एकपेशीय आणि केंद्रक असलेला आहे, पण त्याने वेगळीच वाट काढली आहे. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत शिरल्यावर तो लगेच दुभागत नाही. आधी त्याचे केंद्रक पुन्हा पुन्हा विभागते, आणि मग एकदम पुष्कळ लहान परजीवी तयार होऊन रक्तपेशी फोडून बाहेर पडतात. भारतात मुख्यतः आढळणाऱ्या दोन्ही जातींना या फेऱ्यासाठी सुमारे 48 तास लागतात. सगळ्या पेशी जवळजवळ एकाच वेळी फुटू लागल्या की थंडी वाजून ताप भरतो, म्हणून अनेक रुग्णांत ताप एक दिवस आड येतो.

एवढा वेळ कशात जातो?

प्रयोगशाळेत भराभर वाढणाऱ्या मानवी पेशीलाही एका फेऱ्यासाठी सुमारे एक दिवस लागतो. त्यात प्रत्यक्ष वाटणीचा भाग जेमतेम तासाभराचा असतो. बाकीचा वेळ वाढ, नक्कल आणि तपासणी यांत जातो. डीएनएला इजा झाली आहे का, नक्कल पूर्ण झाली का, सगळी गुणसूत्रे दोन्ही बाजूंच्या तंतूंना नीट जोडली गेली का, हे तपासणारी प्रथिने पेशीत असतात. 46 पैकी एकच गुणसूत्र जोडायचे राहिले तरी बाकी सगळी थांबून राहतात. हे नियंत्रण कसे चालते हे उलगडून दाखवणारे लेलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना 2001 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतल्या दोघांनी किण्वावर आणि तिसऱ्याने समुद्री जीवांच्या अंड्यांवर काम केले होते, आणि हीच यंत्रणा माणसातही निघाली.

याहून महत्त्वाची बाब परवानगीची आहे. अन्न मिळाले की विभागायचे, हा जीवाणूचा नियम. आपल्या शरीरातली पेशी मात्र पोट भरलेले असले तरी शेजारच्या पेशींकडून संकेत आल्याशिवाय विभागत नाही. आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते. हाडांतल्या मगजात विभाजन इतक्या वेगाने चालते की दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी रक्तात येतात. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र पुन्हा कधीच विभागत नाहीत. एकाच शरीरात हे सारे एकमेकांना धक्का न लावता चालावे, यासाठीच ही शिस्त आहे.

खर्रा या शिस्तीचे काय करतो

सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडे लहान मुलांच्याही हातात दिसतो. 2012 पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा पानटपरीवर घोटून मिळतो. त्यातली तंबाखू आणि सुपारी, दोन्ही स्वतंत्रपणे कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत.

गालाच्या आतले अस्तर सतत झिजते आणि खालच्या पेशी विभागून ते भरून काढतात. खर्रा गालात धरल्याने दोन गोष्टी एकाच वेळी होतात. चुना आणि सुपारीच्या घर्षणाने अस्तराला इजा होत राहते, त्यामुळे तेथे विभाजनाची गरज वाढते. आणि तंबाखूतली रसायने त्याच पेशींच्या डीएनएला चिकटून नकलेत चुका घडवतात. दुरुस्त न झालेली चूक पुढच्या विभाजनात कायमची होते. पी 53 नावाचे एक प्रथिन इजा झालेल्या पेशीला थांबवते किंवा मरू देते, आणि चूक जर त्याच्याच सूचनेत झाली तर मोठी अडवणूक निघून जाते. अशा अनेक चुका एकाच पेशीच्या वंशात साठल्या की ती परवानगीविना विभागू लागते. हाच कर्करोग.

आजोबांनी जन्मभर तंबाखू खाल्ली, त्यांना काही झाले नाही, असे यावर हमखास ऐकायला मिळते. चुका कोठे पडतील हे योगायोगावर असते, म्हणून एखादा माणूस सुटू शकतो. पण प्रत्येक खर्र्यागणिक चुकांची संख्या वाढते आणि सुटण्याची शक्यता कमी होते. चुका साठायला वर्षे लागतात, त्यामुळे विशीत सुरू केलेल्या सवयीचा परिणाम अनेकदा चाळिशीत दिसतो. तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर त्याच आठवड्यात तोंड तपासून घ्यावे.

फरक आहे म्हणून औषध आहे

जीवाणूची पेशी आणि आपली पेशी एकाच पद्धतीने विभागत असती, तर एकीला मारणाऱ्या औषधाने दुसरीही मेली असती. पेनिसिलिन जीवाणूची भिंत पुरी होऊ देत नाही. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते. विषाणू तर पेशीच नाही आणि तो विभागतही नाही, म्हणून साध्या सर्दीवर प्रतिजैविक घेऊन काही साधत नाही.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या अंगणात आहे. सदाफुलीपासून मिळवलेले व्हिनक्रिस्टीन हे औषध तुर्कतंतू तयार होऊ देत नाही, त्यामुळे विभागणारी पेशी मध्येच अडकते आणि मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते 1960 च्या दशकापासून वापरले जात आहे. कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातली असल्याने अशी औषधे निरोगी विभागणाऱ्या पेशींनाही सोडत नाहीत. अनेक औषधांत केस गळणे, तोंड येणे, रक्त कमी होणे हे त्रास त्यातूनच येतात. सदाफुलीची पाने घरी वाटून घेणे मात्र धोक्याचे आहे, कारण पानांतली विषारी द्रव्ये आणि त्यांचे प्रमाण कोणालाही घरबसल्या मोजता येत नाही.

वाटणीचा दुसरा प्रकार आणि सिकलसेल

केंद्रक असलेल्या जीवांत विभाजनाची आणखी एक रीत आहे, जी जीवाणूंत मुळीच नाही. स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना नक्कल एकदाच निघते पण वाटणी दोनदा होते, त्यामुळे 46 ऐवजी 23 गुणसूत्रे उरतात. याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. यात आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले गुणसूत्र आधी शेजारी येऊन जोडी करतात, काही तुकडे अदलाबदल करतात आणि मग वेगळे होतात. जोडी जमली नाही तर काम अडते. देशी कापसात 26 आणि अमेरिकन कापसात 52 गुणसूत्रे असतात. दोघांचा संकर केला तर झाडात 39 येतात, सगळ्यांना जोडीदार मिळत नाही आणि झाड वांझ राहते.

माणसात प्रत्येक सूचना दोन प्रतींत असते, एक आईची आणि एक बापाची. सिकलसेलमध्ये अकराव्या गुणसूत्रावरच्या एका सूचनेत एकच अक्षर बदललेले असते. ज्याची एक प्रत बदललेली आणि एक चांगली आहे तो वाहक. त्याला सहसा काहीही त्रास नसतो, आणि म्हणूनच आईबाप धडधाकट दिसतात. पण त्याच्या बीजात दोनपैकी एकच प्रत जाते, आणि कोणती जाईल हे दर वेळी नव्याने ठरते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बदललेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त राहण्याची चारात एक.

पहिले लेकरू आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब काही घरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे, कारण आधीच्या बीजात कोणती प्रत गेली याची पुढच्या विभाजनाला काहीच माहिती नसते. ज्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतात त्याच्या तांबड्या पेशी 120 दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच नष्ट होतात, आणि मगजाने कितीही वेगाने नव्या पेशी केल्या तरी तूट भरून निघत नाही.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करून त्यांना तिच्या निकालाचे कार्ड देण्यावर भर आहे, तो याच गणितामुळे. वाहक असलेल्या मुलीचे किंवा मुलाचे लग्न होऊ नये, असा त्या कार्डाचा अर्थ मुळीच नाही. वाहकाने पूर्ण मुक्त जोडीदाराशी लग्न केले तर त्यांच्या एकाही अपत्याला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते, आणि त्यासाठी दोघांचे कार्ड आधी पाहिलेले असावे लागते.